मूतखडा पडला म्हणजे आजार संपला असे नव्हे

मूतखड्याची कळ ज्याने एकदा सोसली आहे, त्याला तिचे वर्णन सांगावयास नको. कमरेपासून जांघेपर्यंत कळ उतरते, उलट्या होतात, धडधाकट माणूस गडाबडा लोळतो. अशा वेळी घरची माणसे पैशाकडे न पाहता गाडी करून त्याला दवाखान्यात नेतात. पण खडा पडून गेला किंवा काढला, की आठवड्याभरात सारे विसरले जाते. पुन्हा तेच भर उन्हातले काम, तेच अपुरे पाणी, तेच खारट कालवण. आणि काही वर्षांनी पुन्हा तीच कळ. आमचे म्हणणे असे, की खडा पडल्यावरच खरा उपचार सुरू होतो, आणि नेमका तोच आपण करीत नाही.

काळजी घेतली नाही, तर एकदा खडा झालेल्यांपैकी सुमारे निम्म्या लोकांना पाच-दहा वर्षांत पुन्हा खडा होतो. यावरचे पहिले औषध विहिरीतच आहे. इटलीतील डॉक्टरांनी पहिला खडा झालेल्या १९९ रोग्यांवर पाच वर्षे लक्ष ठेवले आणि १९९६ साली निष्कर्ष छापला. मुद्दाम भरपूर पाणी पिणाऱ्या ९९ जणांपैकी १२ जणांना पुन्हा खडा झाला. बाकीच्या १०० जणांपैकी २७ जणांना झाला. फरक केवळ पाण्याचा.

दिवसाकाठी दोन ते अडीच लिटर लघवी व्हावी, इतके पाणी प्यावे. उन्हात घाम जात असेल तर तीन लिटरही पुरत नाहीत. लघवीचा रंग वाळल्या पेंढ्याहून गडद दिसला, की पाणी कमी पडले असे समजावे. रात्री निजतानाही पेलाभर घ्यावे. पाण्यात लिंबू पिळले तर चांगलेच, मात्र मीठ घालू नये. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे डॉक्टरांनी ज्यांचे पाणी मोजून दिले आहे, त्यांनी त्यांचेच ऐकावे.

येथे आम्हांला एक गोष्ट स्पष्ट बोलायची आहे. आपल्या बेळगाव-खानापूर भागात भात लावणीला, ऊस भांगलणीला जाणाऱ्या कितीतरी बायका सकाळपासून मुद्दाम पाणी पीत नाहीत, कारण शेतात लघवीला जायला आडोसा नसतो. त्यांना नुसते 'पाणी प्या' असे सांगणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे होय. ज्यांच्या शेतात मजूर राबतात, त्यांनी बांधावर पिण्याच्या पाण्याची घागर आणि चार तट्ट्यांचा आडोसा करून द्यावा. याला फार खर्च नाही. हा उपकार नव्हे, कर्तव्य आहे.

आता आहाराविषयी. खडा झाला की दूध बंद करा, असा सल्ला गावोगाव मिळतो. तो चुकीचा आहे. बहुतेक खडे कॅल्शियम आणि ऑक्झलेट यांचे बनतात हे खरे. पण जेवणातले कॅल्शियम हे ऑक्झलेटला आतड्यातच बांधून ठेवते व शौचावाटे बाहेर नेते. दूध तोडले की ते ऑक्झलेट लघवीत उतरते. याच इटलीतील डॉक्टरांनी २००२ साली १२० पुरुषांचा अनुभव प्रसिद्ध केला. दूधदुभते नेहमीसारखे ठेवून मीठ व मांस कमी केलेल्या ६० जणांपैकी १२ जणांना पाच वर्षांत खडा झाला. दूधदुभते कमी केलेल्या ६० जणांपैकी २३ जणांना झाला. तेव्हा जेवणाबरोबर दूध, दही, ताक घ्यावे. कॅल्शियमच्या गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने घेऊ नयेत.

तोडायचे ते मीठ. मिठाबरोबर लघवीत कॅल्शियमही जास्त जाते. सुकी मासळी, लोणचे, पापड आणि सणासुदीचे चोरीस यांत मीठ किती असते, हे आपल्या स्वयंपाकघरांना ठाऊक आहे. सर्व मिळून दिवसाला चहाच्या एका चमच्याहून कमी मीठ पुरे. मांसमासळी बेताने खावी. पालकासारख्या भाज्यांचा अतिरेक नको. टोमॅटोच्या बियांना मात्र उगाच दोष देऊ नये.

औषधांबाबत शेतीतलाच दाखला देतो. माती न तपासता शेजाऱ्याने घातले तेच खत आपण घातले, तर पैसा वाया जातो. खड्याचेही तसेच. लघवी फडक्यातून गाळून खडा पकडावा आणि तो तपासणीस द्यावा. युरिक आम्लाचा खडा पोटॅशियम सायट्रेटने विरघळू शकतो. कॅल्शियमच्या काही खड्यांनाही हे औषध आळा घालते. पण मूत्रपिंड अशक्त असल्यास ते अपायकारक ठरते. काहींना ॲलोप्युरिनॉल लागते. जंतुसंसर्गातून झालेला खडा पूर्ण काढावाच लागतो. हायड्रोक्लोरोथायझाइड ही गोळी वर्षानुवर्षे दिली जात आहे, पण स्वित्झर्लंडमध्ये ४१६ रुग्णांवर झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तिचा म्हणावा तसा उपयोग दिसला नाही. म्हणून दुसऱ्याची चिठ्ठी दाखवून गोळ्या आणू नयेत, आणि डॉक्टरांनी दिलेले औषध दुखणे थांबले म्हणून मध्येच सोडू नये.

कुळथाचा काढा पिण्यास आमची हरकत नाही. त्या निमित्ताने पाणी तरी पोटात जाते. पण त्यावर विसंबून तपासणी टाळू नये. बिअरने खडा पडतो, ही तर पिणाऱ्यांनीच काढलेली सबब आहे. आणि कळेबरोबर थंडी-ताप आला किंवा लघवी अडली, तर काढ्याची वाट न पाहता त्याच घटकेला इस्पितळ गाठावे.

पीक हाती आल्यावर शेतकरी पुढच्या हंगामासाठी बांध नीट करतो. शरीराच्या बाबतीतही तेवढी दूरदृष्टी आपण दाखवावी, इतकेच आमचे मागणे.