शिक्षकांची एकी

आमच्या धंद्यात एक अलिखित नियम आहे. वर्गातल्या वागण्याबद्दल एका मास्तराने दुसऱ्याला बोलायचे नाही. मुलांदेखत तर नाहीच, पण शिक्षकांच्या खोलीतसुद्धा नाही. याला आम्ही एकी म्हणतो. ऐन दिवाळीत, फराळाच्या ताटापाशी, मी या एकीविरुद्ध लिहितो आहे म्हणून वाचकांनी रागावू नये. याच सणाच्या सुमारास आमच्या बीड जिल्ह्यातली कितीतरी मुले घरी नसतात, आणि हा लेख त्यांच्याबद्दलच आहे.

दसरा झाला की मुकादमाची उचल घेतलेली जोडपी ऊसतोडीला निघतात. भांडीकुंडी, शेळी आणि पोरे एकाच गाडीत. कोणी पश्चिम महाराष्ट्रात, कोणी कर्नाटकात. काही मुले आजीपाशी किंवा हंगामी वसतिगृहात राहतात, बाकीची थळावर, कोपीत. कारखान्याचा पट्टा पडला की ती पाडव्याच्या मागेपुढे परततात, तेव्हा वर्ग फार पुढे गेलेला असतो. अशा पोराला फळ्यापाशी उभे करून, "तू आपला बापाचा कोयताच धर," असे म्हणणारे शिक्षक मी पाहिले आहेत. छडी नाही की थप्पड नाही. वर्ग खदखदून हसतो. दुसऱ्या दिवशी पोर येत नाही, आणि आम्ही हजेरीपटावर निर्विकारपणे 'गैरहजर' लिहितो.

अशाच एका गृहस्थांना मी मधल्या सुटीत हटकले. ते म्हणाले, "सर, तुमच्या लाडांमुळेच पोरं आमच्या तासाला डोक्यावर बसतात." बाकीचे आपापल्या कपात पाहत राहिले. हेडमास्तर म्हणाले, "आपसात नको."

का नको? आपसात नाही तर कोणापाशी बोलायचे? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे १७ वे कलम मुलाला मारण्याइतकीच त्याची मानसिक छळणूकही मना करते, आणि हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. पण कायदा वर्गाच्या दारापर्यंत येतो. आत काय चालते ते ऐकू येते भिंतीपलीकडच्या शिक्षकालाच. तोच गप्प बसला तर त्या पोराला साक्षीदार उरत नाही.

"आम्ही मार खाल्ला म्हणून घडलो," हे पालुपद तर प्रत्येक शाळेत आहे. घडलेले बोलतात हो! जे पहिल्याच अपमानाला दप्तर टाकून पळाले ते आज फडात आहेत. त्यांची साक्ष कोणी काढली? आणि लाड म्हणाल, तर साने गुरुजी अमळनेरला वसतिगृह सांभाळत, तेव्हा मुलांनी केलेला पसारा स्वतः आवरीत. पोरे ओशाळत आणि नीटनेटकी होत. ही शिस्त नव्हे तर काय? त्यांच्यावर आपण भाषणे करतो आणि खाली उतरून छडी शोधतो.

आमच्या मराठवाड्याला तर उद्धट विद्यार्थ्यांचे ऋणच आहे. १९३८ साली निजामाच्या राज्यात 'वंदे मातरम्' म्हणू नका असा हुकूम झाला. औरंगाबादच्या आणि हैदराबादच्या विद्यार्थ्यांनी तो मानला नाही. नावे कमी झाली, तेव्हा नागपूर विद्यापीठाने त्यांतल्या कितीकांना आसरा दिला. त्या वेळच्या अधिकाऱ्यांच्या लेखी ही बेशिस्तच होती. दर १७ सप्टेंबरला आपण त्यांचे गोडवे गातो आणि दुसऱ्या दिवशी "असं का, सर?" विचारणाऱ्या पोराला उर्मट ठरवतो.

मास्तरांची बाजू मला कळत नाही असे नाही. एकाच खोलीत दोन-दोन वर्ग, वर निवडणूक, जनगणना, नाना तक्ते. माणूस चिडतो. पण ही चीड वरच्या साहेबावर निघत नाही. ज्याचा बाप चारशे मैलांवर मोळ्या बांधतो आहे आणि तक्रारीला येऊ शकत नाही, नेमकी त्याच पोरावर निघते. वकिलाच्या मुलाला हे गृहस्थ तसे बोलल्याचे मी अद्याप ऐकलेले नाही.

पालकांनाही एक विचारतो. "मास तुमचं, हाडं आमची," असे म्हणून पोर हवाली करण्याची आपल्याकडची रीत अजून पुरती गेलेली नाही. कसायालासुद्धा कोणी इतका मोकळा परवाना देत नाही. त्याऐवजी महिन्यातून एकदा शाळेत या, आणि पोराला वर्गात कोणत्या नावाने हाक मारतात तेवढे विचारा.

त्या दिवशी हेडमास्तरांनी चहाची दुसरी फेरी मागवली आणि विषय मिटला असे सर्वांना वाटले. गाड्या पाडव्याला परततील. तोवर दर शनिवारी, त्याच खोलीत, मी तो पुन्हा काढणार आहे.