ग्रंथप्रेम की चर्मप्रेम?

इंग्लंड-अमेरिकेत अद्भुतरम्य कादंबऱ्यांच्या चामडी बांधणीच्या आवृत्त्या जमविण्याचे जे वेड सध्या बोकाळले आहे, त्यास ग्रंथप्रेम म्हणावयास आम्ही तयार नाही. ज्यास वाचावयाचे असते तो पुस्तक उघडतो. ह्या संग्राहकांपैकी कित्येक ते प्लास्टिकच्या वेष्टणातून बाहेरही काढीत नाहीत. खोक्यात पुस्तक, पुस्तकावर कातडे, कातड्यावर सोनेरी ठसे, पानांच्या कडांना मुलामा, आत रेशमी फीत आणि शेवटी प्रतीचा क्रमांक! एवढ्या तटबंदीच्या आत कथा बिचारी कोठे तरी कोंडून पडलेली असते. कारखान्यात फीत ज्या पानात ठेवली, त्याच पानात ती वर्षानुवर्षे राहते. तिला हलविणारा कोणी नसतो.

हा आजार दूरदेशीचा म्हणून सोडून देता आला असता. परंतु मागल्या श्रावणात मडगावच्या एका स्नेह्यांकडे आम्ही गेलो असता, दिवाणखान्यातील काचेच्या कपाटात टोल्किनचे तीन खंड लाल कातड्यात झळकताना दिसले. कौतुकाने आम्ही हात पुढे केला, तो यजमानांचा चेहरा उतरला. ‘जरा हात पुसून घ्या हां,’ ते म्हणाले. अकरा-बारा वर्षांची त्यांची भाची जवळच उभी होती. ‘मामा, मला ह्यातला पहिला भाग द्या ना वाचायला,’ असे तिने म्हणताच मामांनी कपाटाला कुलूप घातले. ‘बाय, तुला ती साधी प्रत आहे ना!’ साधी प्रत म्हणजे पाठ उसवलेले, चिकटपट्ट्या लावलेले कागदी पुठ्ठ्याचे पुस्तक. मुलगी ते घेऊन सोप्यावर जाऊन बसली आणि जेवणाची हाक येईपर्यंत उठली नाही. त्या घरात टोल्किनचा मुक्काम कोणत्या प्रतीत आहे, ते आम्हांस तेव्हाच कळले.

संग्राहकांशी वाद घालू गेल्यास ते विल्यम मॉरिसचे नाव पुढे करतात. करोत. मॉरिसने 1891 मध्ये लंडनमधील हॅमरस्मिथ येथे केल्म्सकॉट मुद्रणालय काढले आणि त्यातून निघालेले पहिले पुस्तक त्याची स्वतःचीच अद्भुतकथा होती, हे खरे. तेव्हा अद्भुतकथा आणि देखणी आवृत्ती यांचे लग्न जुने आहे, हे आम्ही मान्य करतो. परंतु मॉरिसने आपली बुद्धी कोठे खर्चिली ते पाहावे. त्याने अक्षरांचे खिळे स्वतः रेखाटले, तागाच्या चिंध्यांपासून हातकागद करवून घेतला, शाई पारखून घेतली, समास किती सोडावा यावर वाद घातले. 1896 मधील त्याचा सुप्रसिद्ध चॉसर कागदावर 425 व चर्मपत्रावर 13 प्रतींचा निघाला. आणि त्यातील बहुतेक कागदी प्रती गिऱ्हाइकाच्या हाती पडल्या त्या कापडी पाठीच्या व कागद चढविलेल्या पुठ्ठ्याच्या साध्या बांधणीत. डुकराच्या पांढऱ्या कातड्याची नक्षीदार बांधणी अवघ्या 48 प्रतींस लाभली. थोडक्यात, मॉरिसने आधी पान सजविले. आजचा प्रकाशक पानास हात लावीत नाही. साध्या प्रतीचाच मजकूर तो पुष्कळदा जसाच्या तसा छापतो, वर कातडे चढवितो आणि किंमत दहापट करतो. मॉरिसच्या चॉसरची किंमत वीस पौंड होती व ती कोणत्याही मजुराच्या आवाक्यातली नव्हती, ही त्या समाजवाद्याची विसंगती आम्हांस दिसते. परंतु निदान वीस पौंडांत वाचणाऱ्याच्या डोळ्यांसाठी काही केलेले होते.

आणि ते कातडे तरी कसले? बोकडाचे अस्सल कातडे महाग, म्हणून पुष्कळ आवृत्त्यांवर ‘बाँडेड लेदर’ नावाचा पदार्थ चढवितात. चामड्याच्या कारखान्यातील कातरण दळावयाची, तिच्यात चिकट रसायन मिसळून कागदासारखा ताव करावयाचा आणि त्यावर दाबयंत्राने खऱ्या कातड्याचे कण उठवावयाचे, असा तो प्रकार आहे. काही वर्षांनी त्याचे पापुद्रे सुटू लागतात. अस्सल कातडे असले तरी ते चिरंजीव असतेच असे नाही. एकोणिसाव्या शतकातील चामडी बांधण्या तांबड्या भुकटीसारख्या झडू लागल्या, तेव्हा लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सने 1900 मध्ये चौकशीसाठी समिती नेमली. घाईची कमावणी, उजळ रंग चढविण्यासाठी वापरलेले गंधकाम्ल आणि गॅसच्या दिव्यांचा धूर ही कारणे त्या समितीने नोंदविली. ही झाली तिकडची गोष्ट. आमच्या कोकणपट्टीत चार महिने भिंतींना पाझर फुटतो, तेथे बंद कपाटातल्या कातड्याची काय गत होते, हे ज्याने आषाढात जुना जोडा माळ्यावरून काढला आहे त्यास सांगावयास नको. आमच्या पूर्वजांनी पोथी कापडात बांधली ती केवळ चामड्याच्या विटाळामुळे, असे म्हणणाऱ्यांनी एकदा कोकणातला पावसाळा काढावा.

सहीचा महिमा तर विचारूच नये. ‘लेखकाची स्वाक्षरी असलेली प्रत’ असे वाचून भोळ्या मनास वाटते की लेखकाने हे पुस्तक हाती घेऊन त्यावर सही केली. वस्तुतः अनेकदा कोऱ्या कागदांचे गठ्ठे लेखकाच्या घरी धाडतात. तो बिचारा मनगट दुखेपर्यंत सह्या करतो आणि ते कागद मागाहून बांधणीत घालतात. त्या पुस्तकास त्याचा हात कधी लागलेलाच नसतो.

ह्या व्यापाराचा आम्हांस खरा राग येतो तो त्याच्या नीतिशास्त्रामुळे. त्यात वाचल्याची प्रत्येक खूण हा दोष ठरतो. अंगठ्याचा डाग पडला की किंमत उतरते, मुलाने आपले नाव घातले की उतरते. ग्रंथालयाचा शिक्का असेल तर प्रत जवळजवळ बाटलीच! ‘हॉबिट’ची 1937 मधील पहिली आवृत्ती 1500 प्रतींची होती. पोरांनी ती चिंध्या होईस्तो वाचली, म्हणून आज धड प्रत दुर्मिळ. हॅरी पॉटरचे पहिले पुस्तक 1997 मध्ये पुठ्ठाबांधणीत अवघ्या 500 प्रतींचे निघाले आणि त्यातल्या बहुतेक ग्रंथालयांत गेल्या. ज्या मुलांनी त्या प्रती झिजविल्या त्यांच्याच जोरावर हा बाजार उभा आहे, आणि बाजार त्यांच्या बोटांच्या ठशांस विटाळ मानतो! टोल्किनचेही तेच. अमेरिकेत तो विद्यार्थ्यांच्या हाती पडला तो 1965 मध्ये, पाऊण-एक डॉलरच्या कागदी आवृत्त्यांमुळे. त्यातली पाऊण डॉलरची तर लेखकाच्या संमतीविनाच निघाली होती. लाल कातड्यास आज जे मोल आहे ते त्या स्वस्त पुस्तकांनी मिळवून दिले आहे.

विशेष आवृत्ती सर्वस्वी व्यर्थ, असे आम्ही म्हणत नाही. टोल्किनने आपल्या कथेतील एका जळक्या, रक्ताळलेल्या ग्रंथाची पाने स्वहस्ते रंगवून तयार केली होती. खर्चापायी ती 1954 मध्ये वगळावी लागली. पन्नासाव्या वर्षी, 2004 मध्ये निघालेल्या चामडी आवृत्तीत ती आली, आणि त्याच वेळी मजकुरातील तीन-चारशे स्थळे अभ्यासकांनी शुद्ध केली. अशा आवृत्तीस आम्ही नमस्कार करतो. त्या दुरुस्त्या पुढे साध्या प्रतींतही आल्या, हे अधिक महत्त्वाचे. लंडनच्या फोलिओ सोसायटीचा 1947 मधील मूळ संकल्पही सामान्यास परवडेल असे सुंदर पुस्तक देण्याचाच होता. 2007 मध्ये रोलिंगबाईंनी हाताने लिहिलेल्या, चांदी व खडे जडविलेल्या परीकथांच्या सात प्रतींपैकी एक लिलावात 19 लाख 50 हजार पौंडांस गेली, तेव्हा पैसा मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेस मिळाला. आणि वर्षभरातच त्या कथा साध्या पुस्तकरूपाने सर्वांना वाचावयास मिळाल्या. हेही आम्ही त्यांच्या खात्यावर जमा करतो.

‘पैसा आमचा, हौस आमची, तुमच्या पोटात का दुखते?’ असा प्रश्न येईल. पैसा तुमचा, हे खरेच. परंतु घरात पोर पुस्तक मागते आहे आणि थोर माणूस कपाटास कुलूप घालतो आहे, हा देखावा आम्ही पाहिला आहे. त्यावर गप्प बसण्याइतके आम्ही सभ्य नाही.

त्याच स्नेह्यांचा परवा निरोप आला. तिन्ही खंडांच्या पाठीवर पांढरी बुरशी धरली आहे, उपाय सांगा. आम्ही कळविले की कपाट उघडे ठेवा, पुस्तके वाऱ्यावर येऊ द्या, कोरड्या फडक्याने पुसा आणि पाने रोज कोणाकडून तरी चाळून घ्या; भाची अजून सुट्टीवर आहेच. उत्तरी त्यांनी लिहिले की ओल शोषणाऱ्या पुड्या मागविल्या आहेत व कपाटाच्या फटींना रबराची पट्टी बसवून घेत आहोत.