प्राध्यापकांचा खरा गौरव

उत्तम अध्यापन व समाजसेवा करणाऱ्या प्राध्यापकांस गौरविण्याची विद्यापीठांची चाल स्तुत्य आहे. परंतु गौरव केव्हां व कशा रूपानें व्हावा, हा खरा प्रश्न आहे. धोंडो केशव कर्वे यांनीं १८९१ पासून १९१४ पर्यंत फर्ग्युसन कॉलेजांत गणित शिकविलें. १८९३ सालीं विधवेशीं विवाह केला म्हणून मुरुडकरांनीं त्यांस वाळींत टाकिलें. आज कर्वेनगर म्हणतात त्या हिंगण्याच्या माळावर १९०० सालीं त्यांनीं विधवांकरितां झोंपडी उभारिली. कॉलेज आटोपून ते तेथें पायीं जात. भारतरत्न मिळालें १९५८ सालीं, वयाच्या शंभरीस! शालजोडी मागाहून येवो. काम चालू असतांनाच अशा अध्यापकास सवड व द्रव्य द्यावें, हाच आमच्या मतें खरा गौरव होय.