पॉलिशिंग मशीनला ग्रीस किती?

गेल्या दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यातली गोष्ट. आमच्या मिरजेत त्या दिवसांत गाड्या धुऊन, पॉलिश करून घेणाऱ्यांची रीघ लागते. माझा भाचा घराच्या अंगणातच मोटारींना पॉलिश करून देतो. त्याचे मशीन माझ्या बहिणीने भिशीच्या पैशांतून घेऊन दिलेले. एका संध्याकाळी तो ते पिशवीत घालून माझ्याकडे आला.

"खाला, काल ठिणग्या उडाल्या, आज चालूच होईना. उद्या तीन गाड्या यायच्यात. अम्मीला अजून सांगितलेलं नाही."

"तू काही उघडलं होतंस का?" मी विचारले.

थोडा वेळ गप्प राहून तो म्हणाला, "पुढचा भाग तापत होता, म्हणून ग्रीस भरलं. पुन्हा लवकर भरायला नको म्हणून गच्च भरलं."

दुखणे तिथेच होते. ग्रीस संपल्याने मशीन बिघडते हे सर्वांना ठाऊक असते. जास्त झाल्यानेही बिघडते, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

पूर्वी बैलगाडीच्या आसाला एरंडेलाचे वंगण घालत. आजच्या ग्रीसमध्येही बहुतांश तेलच असते, फक्त ते साबणाच्या जाळीत धरून ठेवलेले असते. बाजारात सर्रास मिळणाऱ्या लिथियम ग्रीसचा साबण तर बहुधा एरंडेल तेलातून काढलेल्या आम्लापासूनच बनवतात. मशीन चालते तेव्हा हे तेल हळूहळू सुटून दात्यांवर पसरते. काही काळाने तेल संपते आणि वाळलेला थर डबीच्या भिंतीला चिकटून राहतो. वरून ग्रीस दिसते, पण दाते कोरडेच घासतात. भाच्याचे मशीन सुरुवातीला तापत होते ते त्यामुळे.

गोल फिरणाऱ्या पॉलिशिंग मशीनच्या पुढच्या डोक्यात दोन गिअर असतात. मोटरच्या दांड्यावरचा लहान गिअर आडव्या मोठ्या गिअरला फिरवतो आणि पॅड फिरते. ही डबी गच्च भरली, तर गिअरना ते ग्रीस सतत ढवळत बसावे लागते, त्यातूनच उष्णता वाढते. तापून पातळ झालेले ग्रीस बेअरिंगच्या बाजूने मोटरमध्ये उतरते आणि कार्बनपर्यंत पोहोचते. मग ठिणग्या, जळका वास आणि शेवटी शांतता. भाच्याच्या मशीनचे नेमके हेच झाले.

आम्ही दुसऱ्या दिवशी ते ओळखीच्या मिस्त्रीकडे नेले. कार्बनची जोडी आणि एक बेअरिंग बदलावे लागले. मोटरचे वाइंडिंग वाचले, म्हणून नवे मशीन घेण्याची वेळ आली नाही. एक गाडी मात्र हातची गेली. तेव्हा मिस्त्रीजवळ बसून आम्ही दोघांनी जे शिकून घेतले, ते इथे देते. घरात असे मशीन असेल तर उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट, वॉरंटी चालू असेल तर मशीन उघडू नका, कंपनीच्या सेवा केंद्रात द्या. वॉरंटी संपली असेल तरी आधी प्लग काढा. बटण बंद करणे पुरेसे नाही.

पॅड आणि त्यामागची तबकडी काढून ठेवा. कार्बनच्या टोप्या बाहेरून उघडता येत असतील, तर आधी दोन्ही कार्बन काढा. डोके ओढताना आतला दांडा सोबत आला, तर कार्बन तुटतात. मग डोक्याचे स्क्रू सोडवा आणि डोके सावकाश पुढे ओढा. वायसर आणि रबरी रिंग ज्या क्रमाने निघाल्या, त्याच क्रमाने कागदावर मांडा. मोबाइलवर फोटो काढून ठेवला तर आणखी चांगले.

जुने ग्रीस लाकडी काडीने खरवडून काढा आणि बोटांत चोळून पाहा. काळे झालेले असेल तर घाबरू नका. पण त्यात धातूचा चमचमता चुरा असेल, तर गिअर झिजले आहेत. मग मिस्त्रीला दाखवा आणि दोन्ही गिअर जोडीनेच बदला. गिअर पुसायला रॉकेलचा बोळा चालतो, पण तो मोटरला आणि रबराला लागू देऊ नका. हे काम मोकळ्या हवेत, चुलीपासून लांब करा आणि सगळे कोरडे झाल्यावरच पुढे जा.

नवे ग्रीस कोणते, हे मशीनच्या पुस्तिकेत लिहिलेले असते. डब्यावर 'एनएलजीआय'चा अंक असतो. ००० सर्वांत पातळ, ६ सर्वांत घट्ट. पुस्तिकेत जो अंक असेल तोच घ्या. वेगळ्या जातीची दोन ग्रीस एकत्र करू नका, काही एकमेकांत मिसळली की पातळ होऊन गळतात. दात्यांमध्ये ग्रीस नीट बसवा आणि डबीचा साधारण एक तृतीयांश भाग भरा. पुस्तिकेत ग्रॅम दिलेले असतील, तर तेच माप खरे. दोन्ही बाजूंनी झाकलेल्या बेअरिंगमध्ये ग्रीस कोंबायचे नाही. ते आवाज करू लागले की बदलायचे.

डोके बसवून स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे करून आवळा. कार्बन बसवा. पॅड लावण्याआधी दांडा हाताने फिरवून पाहा, अडकता कामा नये. मग प्लग लावून सर्वांत कमी वेगावर दोन मिनिटे मोकळे चालवा.

रोजच्या कामात थोडे सांभाळले, तर हे सगळे वारंवार करावे लागत नाही. काम संपल्यावर हवेच्या जाळ्यांतली धूळ मऊ ब्रशने काढा. जाळ्या बुजल्या की मोटरला हवा मिळत नाही. पॅड धुऊन ठेवा. वाळलेले पॉलिश एका बाजूला साठले की पॅड थरथरते आणि त्याचा मार बेअरिंगला बसतो. मशीन गाडीवर जोर लावून दाबू नका. लांबलचक, बारीक तारेची वायर वापरू नका, दाब कमी मिळून मोटर तापते. आणि काम करताना ओढणी, सैल बाही, बांगड्या मशीनपासून दूर ठेवा.

भाच्याने आता मशीनवर पांढरी पट्टी चिकटवून ग्रीस बदलल्याची तारीख लिहिली आहे. रोजचे काम असल्याने दर सहा महिन्यांनी उघडून पाहायचे ठरले आहे.

अम्मीला मात्र त्यानेच सांगावे, असा माझा आग्रह होता. त्याने सांगितले. बहीण शिलाई मशीनवर बसलेली होती. तिने पायडल थांबवले, कुपीतून दोन थेंब तेल मशीनच्या भोकात सोडले आणि म्हणाली, "वीस वर्षं बघतोयस. मी कधी वाटीभर ओतलेलं पाहिलंस का?"