चित्रपट तयार झाला. तो पोहोचला काय?

चित्रपट निर्माण होणे ही एक गोष्ट आहे आणि तो जनतेसमोर येणे ही अगदीच निराळी गोष्ट आहे. हा भेद ज्यांना पटत नसेल त्यांनी डॉ. जब्बार पटेल यांच्या 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' या चित्रपटाची हकीकत पाहावी. तो केंद्र व महाराष्ट्र सरकारच्या, म्हणजेच तुमच्याआमच्या पैशातून तयार झाला. प्रमुख भूमिकेबद्दल मामूटी यांना राष्ट्रीय पुरस्कार लाभला. मूळ चित्रपट इंग्रजीत होता. तमिळ जनतेला तो स्वतःच्या भाषेत चित्रपटगृहात पाहावयास मिळण्यास मात्र 2010 चा डिसेंबर उजाडावा लागला, आणि त्याकरिता एका वकिलाला मद्रास उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली.

या चित्रपटावर बंदी होती काय? मुळीच नव्हती. बंदी असती तर निदान भांडावयास प्रतिपक्षी तरी समोर दिसला असता!

या धंद्याची रीत वाचकांनी समजून घेतली पाहिजे. निर्माता आणि प्रेक्षक यांच्यामध्ये वितरक उभा असतो. वितरकांनी देशाचे मुंबई, दिल्ली-उत्तर प्रदेश, निजाम, म्हैसूर असे टापू पाडलेले आहेत. संस्थाने विलीन झाली, भाषावार प्रांत झाले, परंतु वितरकाच्या वहीत निजाम अद्याप नांदतो आहे. चित्रपट खपेल अशी खात्री असल्यास वितरक किमान रकमेची हमी देतो. नसल्यास केवळ कमिशनवर काम पाहतो व जाहिरातीचा खर्च निर्मात्याच्या माथी मारतो. चित्रपटगृहाचा मालक उत्पन्नात वाटा घेतो, किंवा भाडे आधीच मागतो. ज्याच्या पाठीशी पैसा नाही त्याच्या वाट्याला सकाळचा खेळ येतो. ज्या कामगाराची कथा पडद्यावर चाललेली असते तो त्या वेळी कामावर असतो. शुक्रवारी लागलेला चित्रपट गुरुवारी उतरतो आणि 'लोकांनाच नको होता' असा शेरा मारला जातो.

कायदा याबाबत काय म्हणतो? 1950 साली रोमेश थापर यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, प्रसाराचे स्वातंत्र्य नसेल तर प्रकाशनास अर्थ उरत नाही. पुढे पुण्याच्या 'सकाळ' पत्राच्या खटल्यातही हेच तत्त्व मान्य झाले. आनंद पटवर्धन यांचा माहितीपट दाखविण्याचे दूरदर्शनने नाकारले, तेव्हा 2006 साली सर्वोच्च न्यायालयाने तो दाखविणे दूरदर्शनला भाग पाडले. परंतु हे सारे निर्णय सरकार किंवा सरकारी संस्था यांच्याविरुद्ध आहेत. खाजगी वितरक 'हा माल माझ्याकडे खपणार नाही' म्हणाला, तर त्याच्याविरुद्ध रिट चालत नाही. ते चालावे असेही आमचे म्हणणे नाही. आपला पैसा कोठे घालावा हे ठरविण्याचा अधिकार त्यालाही आहे.

मात्र चित्रपट हाती घेऊन तो कपाटात ठेवण्याचा अधिकार त्याला असू नये. कॉपीराइट कायद्याच्या एकोणिसाव्या कलमानुसार ज्याला हक्क दिले त्याने एका वर्षात ते वापरले नाहीत तर ते हस्तांतरण संपुष्टात येते. करारात वेगळे लिहिले नसेल तर. आमच्याकडे तपासणीसाठी येणाऱ्या करारांत ते 'वेगळे' बहुधा बारीक अक्षरांत लिहिलेले असतेच, आणि आनंदाच्या भरात तरुण दिग्दर्शक त्याखाली सही करून मोकळा होतो. सहीपूर्वी ते वाक्य खोडून घेण्यास सांगावे. वितरक फार तर नाही म्हणेल.

वितरकाला वगळून जाण्याचा मार्गही आहे. 'जय भीम कॉम्रेड' हा तीन तासांहून मोठा माहितीपट चाळींत व वस्त्यांत पडदा लावून दाखविण्यात आला आणि ज्यांच्याविषयी तो होता त्यांनीच तो पाहिला. आमच्या तरुण मंडळांनी हे अवश्य करावे. परंतु वकील म्हणून एक सूचना देणे प्राप्त आहे. तिकीट लावले नाही म्हणून परवानगी लागत नाही, ही समजूत चुकीची आहे. हक्कधारकाची लेखी संमती घ्यावी.

तथापि सरकारी पैशाच्या चित्रपटासाठी वस्तीतल्या मंडळांनी वर्गणी काढून पडदे का लावावेत? तेथे मागणी निराळी असली पाहिजे. निर्मितीला पैसा मंजूर होतो त्याच ठरावात वितरणासाठी वेगळी रक्कम, भाषांतरित आवृत्त्यांची नावे आणि प्रत्येक आवृत्तीच्या प्रदर्शनाची मुदत लिहिली जावी. मुदत चुकल्यास खात्याने त्याचे लेखी कारण द्यावे. तारीख लिहिलेली असती तर त्या वकिलास न्यायालयात एवढेच विचारावे लागले असते की, ती पाळली का नाही.