युद्धनौकेचा पहिला आकडा कोणी काढला?



माझगाव डॉकमधून नवी युद्धनौका बाहेर पडली की आपण टाळ्या वाजवतो. वाजवायलाच हव्यात. मंजुरीच्या दिवशी तिची किंमत काय सांगितली होती, एवढे मात्र कोणी विचारायचे नाही. विचारले की देशप्रेमच तपासले जाते!

आम्ही विचारतो. शिवालिक वर्गाच्या तीन फ्रिगेटी: मंजुरी २,२५० कोटींची, सुधारित आकडा ८,१०१ कोटी. कोलकाता वर्गाच्या तीन विनाशिका: ३,५८० कोटींवरून ११,६६२ कोटी. सहाही जहाजे माझगावची, आणि आकडे महालेखापरीक्षकांच्या अहवालातले. कोचीत बांधलेल्या विक्रांत या विमानवाहू नौकेला २००३ मध्ये ३,२६१ कोटी मंजूर झाले; २०१४ मध्ये तेच १९,३४१ कोटी झाले. बिल्डरने ताबा देताना बुकिंगच्या सहापट मागितले, तर आपण काय करू?

‘महागाई हो!’ असे उत्तर मिळते. महागाईने अकरा वर्षांत किंमत दुप्पट होईल, फार तर अडीचपट. उरलेली वाढ कुठून आली? आराखडा पक्का होण्याआधीच पोलाद कापायला घेतात, त्यातून. नौदलात जहाजाचे तीन भाग मानतात: फ्लोट, मूव्ह, फाइट. तरंगणारा सांगाडा टनांवर आणि मजुरीच्या तासांवर बराचसा मोजता येतो. पण रडार, क्षेपणास्त्रे, त्यांना जोडणारी यंत्रणा यांतले काय बसणार हेच ठरलेले नसते, आणि मोठा पैसा तिथेच जातो. त्यात जुने करार बहुधा ‘कॉस्ट प्लस’: होईल तो खर्च, वर नफा. काटकसर कोणी आणि कशासाठी करायची? (ठरावीक किमतीचे करार आले हे बरेच झाले, पण तिथे पहिला आकडाच फुगवून ठेवता येतो.)

यात माझगावच्या वेल्डर-फिटरचा काडीचा दोष नाही. दोष कमी आकडा दाखवून फाइल पुढे सरकवणाऱ्यांचा आहे.

अमेरिकेतही असे अंदाज चुकतात. पण तिथे नौदलाच्या जहाजबांधणी योजनेचा खर्च संसदेचे स्वतंत्र अर्थसंकल्प कार्यालय स्वतः मोजते, नौदलाच्या आकड्याशेजारी मांडते आणि छापते. आपल्याकडे लेखापरीक्षक बोलतात तेव्हा पैसे खर्च होऊन गेलेले असतात.

आमची मागणी: किंमत एका आकड्यात सांगू नका. कमीत कमी, संभाव्य आणि जास्तीत जास्त असे तीन आकडे, कारणांसह, संसदेपुढे ठेवा. आणि ते गोदीने नव्हे, स्वतंत्र कार्यालयाने काढलेले असू द्या. ‘गुप्तता’ सांगू नका. क्षेपणास्त्राचा पल्ला आम्ही विचारलेला नाही.

दुसऱ्या स्वदेशी विमानवाहू नौकेची चर्चा चालू आहे. तिची फाइल मंत्रिमंडळापुढे जाण्याआधी आपापल्या खासदाराला लेखी विचारा: अंदाज कोणी काढला? तेव्हा आराखडा किती पुरा होता? शस्त्रे आणि सुटे भाग त्यात धरले आहेत का?