गलबत लहान का असेना!

ऐतिहासिक मालिकेत समुद्र दिसला, की आमच्या वसतिगृहात दोन तट पडलेच म्हणून समजा. २०१७ ते २०२० या काळात झी मराठीवर 'स्वराज्यरक्षक संभाजी' ही मालिका गाजली. तिच्यातील जंजिऱ्याच्या मोहिमेचा विषय निघाला, की वाद ठरलेला. जहाजाला डोलकाठ्या किती? तोफा कोठे? ही गुराब की गलबत? एक म्हणतो, "आरमार कसे भव्य दिसले पाहिजे!" दुसरा म्हणतो, "अरे, ही मालिका आहे, इतिहासाचा तास नव्हे." आणि एखाद्याने पुरावा विचारलाच, तर "तुला महाराजांचा अभिमान नाही" असे म्हणून त्याचे तोंड बंद केले जाते.

ज्या जिल्ह्याला समुद्र नाही, तेथील मुलांनी जहाजांवरून का भांडावे, असे कोणी विचारील. पेडगावच्या किल्ल्याविषयी बोलावे, तो आपला आहे! पण नगरच्या निजामशाहीचे बंदर चौल होते, हे आपण विसरतो. १५०८ साली चौलच्या खाडीत इजिप्त व गुजरात यांच्या आरमारांनी पोर्तुगीजांना गाठले. व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा तेथे मारला गेला. त्याचे मोठे जहाज कोळ्यांनी मासेमारीसाठी रोवलेल्या खुंटांत अडकले होते! मोठेपणा नेहमीच कामी येतो असे नाही.

मराठ्यांच्या आरमाराचे मर्म येथेच आहे. गुराबेला दोन किंवा तीन डोलकाठ्या आणि पुढे निमुळती नाळ असे. गलबत त्याहून लहान. वारा पडला तरी वल्ह्यांवर चालणारे. १६७९ साली शिवाजी महाराजांनी खांदेरी बेटावर किल्ला बांधावयास घेतला, तेव्हा मुंबईच्या इंग्रजांनी बेटाची नाकेबंदी केली. त्यांची जहाजे मोठी होती, परंतु वाऱ्याची मिंधी आणि उथळ पाण्याला भिणारी. मायनाक भंडारी व दौलतखान यांच्या माणसांनी रात्रीच्या अंधारात लहान होड्यांतून बेटावर रसद पोचवली. १६८० च्या आरंभी इंग्रजांना तह करून माघार घ्यावी लागली.

आता सांगा, पडद्यावर मराठ्यांचे जहाज इंग्रजांच्या जहाजाएवढे उंच दाखवले, तर महाराजांचा मान वाढतो की कमी होतो? मोठ्या जहाजाने लहानाला हरवण्यात नवल ते काय! आपला किनारा, आपली खाडी, आपले वारे ओळखून त्यांना साजेशी नौका निवडणे, ही त्या राजाची बुद्धी. भव्यतेच्या हौसेपायी आपण नेमकी तीच पुसून टाकतो. म्हणून "गलबत एवढे उंच नव्हते" असे म्हणणारा मुलगा महाराजांचा अवमान करीत नाही. त्यांचा खरा पराक्रम तोच सांगत असतो.

"मालिकाच आहे ती" हेही उत्तर पुरे नाही. बखर न वाचणारा माणूस मालिका पाहतो, आणि पाहिलेले चित्र वाचलेल्या ओळीपेक्षा अधिक काळ टिकते. नाटककाराला संवाद रचण्याची मुभा जरूर असावी. गलबताची वल्ही काढून घेण्याची नसावी.

तेव्हा मित्रहो, वाद खुशाल घाला. मात्र आवाज चढवण्याआधी ग्रंथालयात जाऊन सभासदाची बखर उघडा. गुराबा, तरांडी, तारवे, गलबते, शिबाडे ही नावे तेथे सापडतील. नुसत्या अभिमानाने जहाज पाण्यावर तरत नाही. त्याला पुराव्याचा तळ लागतो.